थोडं मागेपुढे

भट्टीमास्तरांना इंग्रजी येत नव्हतं असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. येत होतं, पण पावापुरतं. ओव्हन, ट्रे, ट्रॉली, यीस्ट, टेंपरेचर हे शब्द त्यांच्या तोंडात इतके रुळले होते की ते कुठून आले हे त्यांच्या ध्यानातही नसायचं. अडायचं ते क्रियापदांशी. एखादी वस्तू जागच्या जागी गुमान उभी असेल तोवर मास्तर तिचं नाव बिनधास्त सांगत. ती जरा हलली, वाढली, घटली, की त्यांची ततपप सुरू व्हायची.

आणि बेकरीच्या नव्या मालकीणबाईंना नेमकी हलणाऱ्या गोष्टींचीच आवड निघाली.

बेकरी विकली गेली होती. नव्या मालकीणबाई परदेशातल्या, त्यांच्या अशा कितीतरी बेकऱ्या. आल्या आल्या त्यांनी निरोप धाडला की प्रत्येक विभागाच्या प्रमुखाने आपल्या विभागाचं वर्ष कसं गेलं ते स्वतः उभं राहून, भिंतीवरच्या आलेखाकडे बघून, स्वतःच्या तोंडाने सांगायचं. दुसऱ्या कुणी मध्ये बोलायचं नाही. भाषा अर्थात त्यांची. ज्याचं सांगणं पटेल त्याचा विभाग राहील. ज्याचं पटणार नाही त्याच्याकडे मोठ्या कारखान्यातून बर्फात गोठवलेले तयार गोळे येतील आणि त्याने ते नुसते गरम करायचे.

नुसते गरम करायचे, हे ऐकून भट्टीमास्तरांचा चेहराच उतरला. मिसरूड फुटल्यापासून हा माणूस त्या भट्टीपुढे उभा. पीठ तयार झालं की नाही हे हाताच्या पाठीने ओळखायचा, पाव भाजला की नाही हे त्याच्या बुडावर टिचकी मारून, कान लावून. ही टिचकी तो दुसऱ्या कुणाला मारू द्यायचा नाही. तो जेवायला गेला तरी भट्टी त्याची वाट बघत थांबायची. अशा माणसाला गोळे गरम करायला सांगणं म्हणजे गवयाला दारावरची बेल वाजवायला बसवण्यातला प्रकार.

"भट्टी गेली तर मी काय करू?" ते बायकोला म्हणाले. "तुझ्या वर्गात येऊन हात वर, हात खाली करत बसू?"

"या की," बायको म्हणाली. "पोट जरा आत जाईल."

बायकोला सगळी कवायतबाई म्हणत. रोज सकाळी ती इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या मंडळींचा व्यायामाचा वर्ग घ्यायची. माणसाच्या लक्षात जे काही राहतं ते अंगात राहतं आणि डोकं मुख्यतः टोपी घालायला दिलेलं आहे, असं तिचं ठाम मत होतं. तिने नवऱ्याची चेष्टा केली खरी, पण धास्ती तिलाही होती. हा माणूस भट्टीवाचून कसा असतो हे तिने कधी पाहिलेलंच नव्हतं, आणि पाहायची इच्छाही नव्हती. म्हणून तिने नणंदेला बोलावणं पाठवलं. नणंद शाळेत इंग्रजी शिकवायची.

नणंद दुपारी आली. भट्टीमास्तर पहाटेचं काम उरकून, जेवून, टेबलाशी आज्ञाधारकपणे बसले होते.

"दादा, तिथे नुसतं वाढलं आणि कमी झालं म्हणून भागत नाही," नणंद म्हणाली. "कसं वाढलं, किती झपाट्याने वाढलं, हे सगळं क्रियापदातच येतं. हळूहळू वर गेलं तर राइज. नेटाने चढत गेलं तर क्लाइंब. एकदम आभाळाला भिडलं तर सोअर. दुप्पट झालं तर डबल, निम्मं झालं तर हाव्ह. चढून चढून मग सपाट चालू लागलं तर लेव्हल ऑफ."

"आणि खाली?"

"जरासं खाली जाऊन परत आलं तर डिप. हळूहळू आटत गेलं तर ड्विंडल. धाडकन कोसळलं तर प्लमेट. आणि वर-खाली, वर-खाली करत राहिलं तर फ्लक्च्युएट."

"म्हणजे हिच्या रागासारखं," मास्तर म्हणाले.

"माझा राग लेव्हल ऑफ आहे," कवायतबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि काय हो वन्सं, आपल्याकडे काय अशा शब्दांचा दुष्काळ आहे? भाव भडकतात, गडगडतात. पाणी आटतं. गिऱ्हाईक रोडावतं. उत्साह मावळतो. यातलं एकही यांना शिकवावं लागलं नव्हतं."

"हो वहिनी, पण मालकीणबाईंना रोडावणं कसं सांगणार?"

हे मात्र खरं होतं. मास्तर पाठांतराला बसले. आठवडाभर बसले. दाढी करताना, चपला घालताना, भट्टीतून ट्रे काढताना ते ओठ हलवत राहिले. मग नणंद परीक्षा घ्यायला आली, तेव्हा त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं की उन्हाळ्यात आमचा पाव ड्विंडल डबल झाला.

नणंदेने कपाळाला हात लावला. "दादा, आटत आटत दुप्पट कसा होईल?"

"मला काय माहीत? शब्द तुझे आहेत."

तेव्हा कवायतबाईने पदर खोचला, टेबल भिंतीला लावलं आणि नवऱ्याच्या हातात खडू दिला. "उठा. फरशीवर रेघ काढा. तुमचं वर्ष कसं गेलं त्याची. वर गेलं तिथे वर, खाली गेलं तिथे खाली."

मास्तर ओणवे झाले. दारापासून त्यांनी रेघ सुरू केली. ती हळूहळू वर गेली, जरा नेटाने चढली, मग कपाटाच्या पायाशी येऊन सपाट चालू लागली. तिथून पुढे थंडीचे महिने. तिथे त्यांचा हात थांबला. मग त्यांनी वाटीच्या बुडाएवढा एक उथळ खळगा काढला, रेघ परत वर आणली आणि खिडकीखाली संपवली.

"हा खळगा कसला?"

"काही नाही. थोडं मागेपुढे झालं होतं." त्यांनी खडूची बोटं पँटला पुसली आणि पाणी मागितलं.

कवायतबाईने पाणी आणून दिलं. थोडं मागेपुढे हे शब्द तिच्या ओळखीचे होते. थंडीत तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, मग जखम चिघळली, आठवडेच्या आठवडे ती हॉस्पिटलच्या खाटेवर नळ्या लावून पडून होती. मास्तर शेजारच्या स्टुलावर बसलेले असत. डोळा उघडला की ती विचारायची, कामावर काय चाललंय? ते म्हणायचे, काही नाही गं, थोडं मागेपुढे, बाकी सगळं ठीक. मग तिला बरं वाटायचं आणि ती पुन्हा झोपायची. घरी आल्यावरही डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली होती, त्यामुळे वर्गसुद्धा ती अजून उभ्याउभ्याच घेत होती. त्या दिवसांचं बोलणं घरात फारसं निघत नसे. निघालं की मास्तर उठून काहीतरी कामाला लागत.

"बरं," ती म्हणाली. "आता अंगाला सांगू या."

आणि तिने सांगितलं. राइजला टाचा उचलायच्या. क्लाइंबला दोर ओढत वर चढल्यासारखे हात चालवायचे. सोअरला चवड्यांवर उभं राहून दोन्ही हात पंख्याकडे. हाव्हला कमरेत वाकायचं. लेव्हल ऑफला हात खांद्यांच्या रेषेत पसरून सरळ चालायचं. ड्विंडलला गोगलगाय शंखात शिरते तसं आत आत शिरायचं. डिपला गुडघे जरासे मोडून लगेच सरळ. आणि प्लमेटला पाठ ताठ, हनुवटी वर, हात अंगाशी, आणि उभ्याचं एकदम जमिनीवर.

"प्लमेट माझ्या रेघेत नाहीये," मास्तर चटकन म्हणाले. "ते कशाला?"

"सराव सगळ्याचा करायचा. अंगाला अर्धवट शिकवलेलं चालत नाही."

मास्तरांनी नाखुशीनेच केलं. पण गंमत अशी, की बाकी सगळ्यात त्यांचा तोल जायचा आणि प्लमेट मात्र ते पहिल्या दिवसापासून झोकात करायचे. असे सरळ खाली यायचे की कवायतबाईला कौतुक वाटायचं. करून न दाखवता कसं आलं बरं, असं ती म्हणालीसुद्धा. मास्तर पँटची धूळ झटकत उठले.

नियम एकच होता. डोळे रेघेवर ठेवायचे. रेघ जाईल तसं अंग न्यायचं, आणि अंग गेलं की शब्द आपोआप येतो. आणि तो यायला लागला, हे नणंदेलाही कबूल करावं लागलं. फक्त बरोबर ही क्रियापदं घरभर पसरली. दूध ड्विंडल व्हायला लागलं, बादलीतलं पाणी सोअर व्हायला लागलं. कवायतबाईने उत्साहाच्या भरात ती आपल्या वर्गालाही शिकवली. तिथल्या एका आजींनी माझं वजन प्लमेट होणार असेल तरच मी खाली बसेन असं बजावलं, आणि निवृत्त पोस्टमन आजोबा सोअरला हात वर करून उभे राहिले ते खाली घ्यायला तयार होईनात. बऱ्याच वर्षांनी मी एवढा उंच झालोय, म्हणाले, जरा राहू दे.

घोटाळा व्हायचा तो झालाच. भट्टीमास्तरांना आता हालचाल केल्याशिवाय शब्दच फुटेना. एकदा चहा घेताना त्यांनी बायकोला साखर हाव्ह कर म्हणून सांगितलं आणि सांगता सांगता इतके वाकले की नाक कपात गेलं.

"वहिनी," नणंद काळजीने म्हणाली, "हा तिथे मालकीणबाईंसमोर असं करणार?"

"तिथे बारीक करतील. नुसती बोटं हलवतील."

"आणि अडला तर?"

कवायतबाईने याचाही विचार केला होता. बेकरीत बैठकीची खोली आणि पॅकिंगचा बोळ यांच्यामध्ये नुसती काच होती. ती बोळात काचेपाशी उभी राहणार. आवाज पलीकडे जात नाही, पण हात-पाय दिसतात. मास्तर अडले की ती करून दाखवेल आणि ते शब्द म्हणतील. रेघ तर तिला तोंडपाठ होती. फरशीवरची ती रेघ तिने केर काढताना सुद्धा पुसू दिली नव्हती.

ठरल्या दिवशी ती वेळेआधी बोळात जाऊन उभी राहिली. पॅकिंगच्या बायकांनी तिला केसांवर घालायची जाळीची टोपी दिली, कारण टोपीशिवाय तिथे कुणाला उभं राहू देत नसत. काचेच्या पलीकडे लांब टेबल, टेबलाभोवती विभागप्रमुख, आणि मध्यभागी करड्या कोटातल्या मालकीणबाई, चष्मा केसांत खोचलेला. आलेखाचा पडदा तिच्या शेजारीच, काचेला लागून उभा केला होता, तोंड आत करून. कवायतबाईला त्याची पाठच दिसत होती. पण त्यामुळे पडद्याकडे बघणारा माणूस तिच्याकडेही बघणार होता, म्हणून ती खूश झाली.

बैठकीआधी मॅनेजरने सगळ्यांना बोळात गोळा करून शेवटची शिकवणी दिली होती. मॅनेजर भला माणूस, पण भित्रा. "एक लक्षात ठेवा," तो म्हणाला होता. "रेघ वर गेली की काय म्हणायचं ते म्हणा. खाली गेली की डिप. कितीही खाली गेली तरी डिप. दुसरा शब्द काढायचा नाही."

मग बिस्किटवाले उठले. केकवाले उठले. खारीवाल्या बाई उठल्या. ऐकू काही येत नव्हतं, पण प्रत्येकाच्या ओठांवर तो शब्द आलेला कवायतबाईला ओळखता येत होता, आणि फार वेळा येत होता. मालकीणबाई आधी मान हलवत होत्या. मग नुसत्या ऐकत होत्या. मग त्या घड्याळाकडे बघायला लागल्या. एवढ्या खळग्यांनंतर माझ्या नवऱ्याच्या खळग्याला कोण विचारणार, असं तिला वाटलं.

भट्टीमास्तर उठले. त्यांनी काचेकडे पाहिलं. कवायतबाईने टाचा उचलल्या.

त्यांनी आधी खरंच बोटंच हलवली. पण घाबरलेलं अंग कुठलं ऐकायला? बोटांमागून मनगट आलं, मनगटामागून खांदा, आणि बघता बघता मास्तर भर बैठकीत टाचा उचलून उभे राहिले. मालकीणबाईंची नजर घड्याळावरून सुटली. मास्तर दोर ओढत वर चढले. मालकीणबाईंनी केसांतला चष्मा काढून नाकावर घेतला. मास्तर हात पसरून टेबलाच्या कडेने सरळ चालू लागले. मॅनेजरने डोळे मिटून घेतले.

"बाई, तुमच्या मिस्टरांना बरं नाही का?" शेजारच्या पॅकिंगवालीने विचारलं.

"बरं आहे. पाव चढून आता स्थिर झालाय," कवायतबाई म्हणाली. ती स्वतःही हात पसरून उभी होती.

आता खळगा. तिने गुडघे जरासे मोडले आणि नवऱ्याकडे पाहिलं. डिप, तिने ओठांनी सांगितलं. जरासं खाली, लगेच वर.

पण मास्तर तिच्याकडे बघत नव्हते. ते पडद्याकडे बघत होते. डोळे रेघेवर ठेवायचे हे तिनेच त्यांच्या अंगात भिनवलं होतं, आणि ही रेघ त्यांनी स्वतः खडूने काढलेली नव्हती. ते क्षणभर तसेच हात पसरून उभे राहिले. मग उभ्याचे खाली गेले.

भोवळ आली, असं वाटून कवायतबाईने काचेवर थाप मारली. आणि मग तिला दिसलं. पाठ ताठ. हनुवटी वर. हात अंगाशी. भोवळ आलेला माणूस असा पडत नाही. मास्तर फरशीवर बसले होते, आणि त्यांच्या ओठांनी जो शब्द म्हटला तो डिप नव्हता. प्लमेट होता.

ती तशीच उभी राहिली, गुडघे अर्धवट मोडून, जाळीची टोपी घालून. कपाटाच्या पायाशी रेघ सपाट झाली होती आणि त्याच्या पुढे थंडीचे महिने होते, हे तिला केर काढताना रोज दिसत होतं. ते स्टुलावर बसलेले असायचे तेव्हा भट्टीपुढे कोण होतं? टिचकी कोण मारत होतं? तिने हे कधी विचारलंच नव्हतं. ती विचारायची ते एवढंच, की काय चाललंय, आणि तिला थोडं मागेपुढे पुरत होतं. तिच्या खाटेशेजारी बसून या माणसाने आपली भट्टी थेट तळाला जाऊ दिली होती आणि तिला ताप चढू नये म्हणून वाटीच्या बुडाएवढी सांगितली होती. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

आत मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. टेबलाला वळसा घालून त्या मास्तरांसमोर आल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. त्यांनी काहीतरी विचारलं. मास्तरांनी दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं आणि बसल्या जागेवरून बोट काचेकडे केलं. सगळ्या माना वळल्या. मालकीणबाईंनी चष्म्यावरून कवायतबाईकडे पाहिलं, तिच्या टोपीकडे, तिच्या मोडलेल्या गुडघ्यांकडे. किती तरी वेळ पाहिलं.

मॅनेजर मास्तरांना उठवायला पुढे झाला. मास्तरांनी मान हलवून नाही म्हटलं. ते आता काचेकडे बघत होते, आणि हे बघणं कवायतबाईला कळलं. रेघ अजून संपलेली नव्हती. तिने डोळे पुसले, हात वर केले आणि दोर ओढायला सुरुवात केली. क्लाइंब. काचेच्या आत मास्तरांनी एक गुडघा उचलला. मग दुसरा. ती एक हात ओढायची, ते थोडेसे वर यायचे. पॅकिंगच्या बायकांनी हातातली खोकी खाली ठेवली.

अर्ध्यावर येऊन मास्तर थांबले. कंबर वाकलेली, पाय मुडपलेले. तिने हातांनी खुणावलं, वर, सरळ व्हा. त्यांनी मान हलवली आणि पडद्याकडे बोट केलं. रेघ तिथेच संपली होती. भट्टी अजून पूर्वीच्या जागेवर आलेली नव्हती, म्हणून मास्तरही आले नाहीत. मालकीणबाईंनी हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो तसाच, ओणव्याने, हातात घेतला.

बैठक संपल्यावर ती दोघं बेकरीच्या मागच्या दाराने निघाली. गल्लीत पिठाच्या रिकाम्या पोत्यांची चळत होती. मास्तर तिथे टेकले आणि दम खाऊ लागले.

"काय म्हणाल्या?"

"भट्टी राहिली. वर्षभर तरी. त्यांना आपलं सगळं कळलं म्हणाल्या. आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी मला सरळ उभं राहून सांगा."

कवायतबाईचा जीव भांड्यात पडला. पण तिने तो तिथेच ठेवला आणि कमरेवर हात घेतले. "आणि तुम्ही त्यांना काय सांगितलंत? खाली बसून?"

"त्यांनी विचारलं, हे कशाने झालं. तर मला एकही क्रियापद आठवेना. म्हटलं, वाइफ. हॉस्पिटल." मास्तर पोत्याचा धागा ओढत राहिले. "मग काचेकडे बोट केलं. म्हटलं, नाऊ गुड."

"थोडं मागेपुढे," ती म्हणाली.

"मग काय सांगायला हवं होतं? तू नळ्या लावून पडलेली. दुकानदार माल परत धाडतायत, पाव मध्ये कच्चा निघतोय, हे तुला सांगू? तू उठून चालायला लागली असतीस."

"लागले असते."

"म्हणूनच."

घरी येईपर्यंत ती त्यांच्या दोन पावलं पुढेच चालली. घरात शिरल्यावर तिने टेबल पुन्हा भिंतीला लावलं, ओल्या फडक्याने फरशीवरचा उथळ खळगा पुसून टाकला आणि नवऱ्यापुढे खडू धरला. "आता खरी काढा."

मास्तरांनी खडू घेतला. कपाटाच्या पायापासून रेघ खाली निघाली ती निघालीच. टेबलाखालून गेली, सतरंजीची कड उलटवून गेली आणि पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन टेकली. कवायतबाई रेघेच्या बाजूबाजूने चालत तिथवर गेली, भिंतीचा आधार घेतला आणि हळूहळू खाली बसायला लागली.

"अगं, डॉक्टरांनी नको म्हटलंय ना."

"त्याला आता किती दिवस झाले. तुम्ही इथे होतात आणि मी तिकडे वर खाटेवर पडून विचारत होते, पाव नीट फुगतो ना." ती उंबऱ्याला पाठ लावून फरशीवर बसली. बऱ्याच महिन्यांनी बसली होती, टाके जरासे ओढले, पण बसली. "या इकडे. आणि आता सांगा सगळं, पहिल्या दिवसापासून. मी काही उठून चालायला लागणार नाही. मला उठताच यायचं नाही."

मास्तर तिच्या शेजारी टेकले. त्यांनी हात मांडीवर ठेवले. मग त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी पाव कसा करपला, मग कसा कच्चा राहिला, गिऱ्हाईक कसं रोडावलं, दुकानदारांनी कसा हात आखडता घेतला, आणि हॉस्पिटलच्या जिन्यात बसून आपण फोनवर टिचकीचा आवाज कसा समजावून देत होतो. सगळं सांगितलं, शेवटपर्यंत, आणि सांगताना त्यांचं एक बोटही हललं नाही.